सव्वीस

पडद्यावर बराच वेळ काहीच होत नाही.
सरळ रेघ. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी
मधूनच हलल्याचा भास.
मग सव्वीसपाशी
ती एकदम उठून उभी राहते.

"सेरोटिक आम्ल," मी नव्या पोराला सांगते.
"लिही. सव्वीस कार्बन, एकामागे एक.
वाट नागमोडी, पण फाटा कुठे नाही.
संपृक्त म्हणजे,
रांगेत कुणाचाच हात रिकामा नाही.
मधल्यांच्या हाती दोन दोन हायड्रोजन,
शेवटच्याकडे तीन,
आणि सगळ्यात पुढच्याकडे ऑक्सिजनची जोडी.
कंदील म्हण, हवं तर."

तो हसतो. कंदील लिहीत नाही.

माझा पणजोबा क्वांग देशुन ओझी वाहायचा.
जिएनचांगच्या खोऱ्यात एप्रिल सरताना
फांद्यांवर तपकिरी कवचं धरायची, वाटाण्याएवढी;
आत पिठासारखी बारीक अंडी.
किडा जन्मायचा तिकडे,
मेण धरायचा इकडे, एमेईच्या पायथ्याला,
आमच्या ॲशच्या झाडांवर.
मध्ये डोंगर. पंधरा रात्रींची चाल.
रात्रीच, कारण ऊन लागलं
की कवचं फुटतात
आणि माल आपल्या पायांनी चालायला लागतो.

दिवसा पुड्या सोडून सावलीत पसरायच्या.
सावली तेवढीच असेल तर
आपण उन्हात झोपायचं.

सव्वीसजण होते म्हणे रांगेत.
हे आत्याचं सांगणं, आणि आत्या आकडे
भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलायची.
बावीस असतील. तीस असतील.
मी सव्वीस धरते, मला सोयीचं पडतं.

तेराव्या रात्री घाट उतरताना
खालून ऊबदार वारा आला.
पुढच्याने हात वर केला, रांग थांबली.
कंदिलाजवळ नेऊन पाहिलं तर
पुडीच्या कागदावर तांबूस धूळ,
आणि धूळ सरकत होती.
कुणी पुड्या तिथेच नदीत सोडल्या.
कुणी नुसता बसून राहिला.
देशुनने अंगरखा काढला,
पुड्या त्यावर उलट्या झटकल्या,
अंगरखा पुन्हा घातला
आणि चालू लागला. आता दिवसासुद्धा.
बाह्यांत, काखेत, मानेवर किडे,
आणि मान खाजवायची नाही.
दोन रात्रींचं अंतर. त्याने मान खाजवली नाही.

झाडांचा मालक मियाओ,
त्याने रिकाम्या पुड्या मोजल्या, साठच्या साठ,
आणि वहीत नावापुढे फुली मारली.

तेव्हा तो बांधावरच्या एका ॲशपाशी गेला
आणि खोडाला मिठी मारून उभा राहिला.
सकाळपासून दुपारपर्यंत.
पोरं जमली, हसली, जेवायला गेली.
जीव त्याच्या अंगावरून सालीवर चढत होते,
सावकाश, एकेक,
जसे काही तेच पंधरा रात्री चालून दमले होते.

ऑगस्टमध्ये ते झाड पांढरं झालं.
प्रत्येक डहाळीला बोटभर जाड थर.
मियाओने खरवडून घेतलं, उकळलं, विकलं.
मेणबत्त्या झाल्या असतील,
किंवा कुणाच्या औषधाच्या गोळ्यांवरची झिलई.

"त्याला काही मिळालं?" पोरगा विचारतो.
"पुढच्या वर्षी पुन्हा गेला," मी म्हणते.
"म्हणजे मिळालं?"
"म्हणजे गेला."

शिखर उतरतं. रेघ पुन्हा आडवी होते.
नमुना क्रमांक, तारीख, सही.
आजचाही माल गोळ्यांच्या कारखान्याचाच.

मेण म्हटलं की लोकांना मऊ काहीतरी आठवतं.
हे तसलं नाही. हे खडखडीत,
ब्याऐंशी अंशांपर्यंत दाद देत नाही.
कुपीच्या काठाला जे चिकटलंय
ते मला नखाने काढावं लागतं,
आणि नख मध्येच थांबतं.
मी मान खाजवते.

काही नाही तिथे.