इतिवृत्त

सत्तावीस वर्षं मी हॅल्डन गावाच्या सभेचं इतिवृत्त लिहिलं.
कोण काय म्हणालं ते लिहायचं नसतं,
काय ठरलं तेवढंच लिहायचं,
हे मला व्हर्लिन टोस्ट्रूडनेच शिकवलं,
बियाण्यांच्या दुकानाची पावतीपुस्तकं बाजूला सारून,
पहिल्याच मंगळवारी.

त्याची पहिली निवडणूक एका गटारावर झाली.
मोठ्या रस्त्याचं पाणी लुथरन चर्चच्या तळघरात शिरायचं
आणि कॅथलिक म्हणायचे, शिरू दे.
त्रेसष्ट विरुद्ध एकोणसाठ.
त्यातली दोन मतं गटाराचीच, असं तो हसून सांगायचा.

आमची नदी उत्तरेला वाहते.
वरच्या अंगाला बर्फ आधी वितळतो,
खाली सगळं अजून गोठलेलंच असतं,
आणि पाण्याला जायला जागा उरत नाही.

एकोणऐंशीच्या पुरानंतर सरकारी इंजिनियर आला,
नकाशावर लाल पेन्सिलीने त्याने बांध ओढला.
अकरा घरं रेघेबाहेर राहिली.
शेवटून तिसऱ्यात आर्लिस, व्हर्लिनची धाकटी बहीण,
आणि मागच्या अंगणात त्यांच्या आईने लावलेला रुबार्ब.
रेघ वाकवली तर पैसे मिळणार नव्हते.

त्या रात्रीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे:
'ठराव क्रमांक चौदा. एकमताने मंजूर.'
चौघांनी लगेच हात वर केले.
व्हर्लिन नकाशाकडे बघत बसला.
भिंतीवरच्या घड्याळात मी चार मिनिटं मोजली.
मग त्याचाही हात वर गेला.
हात वर करण्याचे दोन्ही अर्थ
मला एकाच वेळी दिसले.

त्या बांधावर चढूनच तो बिस्मार्कला पोचला.
विधानसभा तिथे दोन वर्षांतून एकदा भरते, ऐंशी दिवस.
आधी मागची रांग, मग मधली,
मग रस्ते समितीचा अध्यक्ष.
घरी यायचा तेव्हा गाडीच्या डिकीत
बर्फाचं फावडं आणि तीन तालुक्यांच्या तक्रारी.
विधवांच्या पेन्शनचे कागद स्वतः टपालात टाकायचा.
बीटसाखरेच्या कारखानदारांबरोबर जेवायचा.
दोन्ही खरं आहे, माझ्याकडे दोन्हीच्या पावत्या आहेत.
मग लहान शाळा बंद करायच्या विधेयकाला 'हो' म्हणाला,
त्यात आमचीही गेली.
नोव्हेंबरात सतरा मतांनी पडला.

त्यानंतर तो सभेला यायला लागला,
लोकांच्या खुर्च्यांत, रेडिएटरशेजारी,
टोपी गुडघ्यावर.
नागरिकाला बोलायला तीन मिनिटं. नियम त्याचाच.
महापौर बाईंनी घंटी वाजवली
की अर्धं वाक्य तिथेच ठेवून खाली बसायचा.
मी लिहायचे: 'श्री. टोस्ट्रूड यांनी
सहाव्या रस्त्यावरील मोरी तुंबल्याचे सांगितले. नोंद घेतली.'
मोरी अजून तुंबलेली आहे.

गेला तो फेब्रुवारीत.
जमीन फावड्याला दाद देईना,
म्हणून मेपर्यंत थांबावं लागलं.
त्यालाही कुणीतरी 'विषय तहकूब' म्हणालं, आणि आम्ही हसलो,
मग गप्प झालो.

आर्लिस फार्गोहून आली.
चर्चमधल्या जेवणाला थांबली नाही.
थेट माझ्या टेबलाशी: 'ते पान दाखव.'
तिने हातमोजे काढून वाचलं.
बोट 'एकमताने'वर थांबलं.
तेव्हा मी, जे लिहायचं नसतं, ते सांगितलं.
'चार मिनिटं?'
'घड्याळ पुढे होतं,' मी म्हणाले. 'पण चारच.'

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती,
जिथून फक्त बांध दिसतो.
मग म्हणाली,
'माझा घर क्रमांक चुकवलायस. नऊ नाही, एकोणीस.'

मी आकडा खोडला, वर नीट लिहिला,
समासात सही केली,
आणि तारीख घातली, आजची.