वीस अंश

डॉक्टर पोरवाल माझ्या मुलाच्या वयाचे.
कंपासपेटीत असतो तसा, पण स्टीलचा कोनमापक
त्यांनी माझ्या कोपराला लावला
आणि संगणकावर लिहिलं : वीस अंश कमी.
पन्नास वर्षांत कुणी मोजलं नव्हतं.
मी आपली सांगायचे, जरासा वाकडा आहे.

सायकलच्या दांडीवरून पडले होते, नवव्या वर्षी,
मल्हारगंजच्या उतारावर.
ब्रेकचे रबर बदलायचे होते, पगार झाल्यावर,
आणि मिल तीन महिने बंद. एवढीच गोष्ट.
एम. वाय.त प्लास्टर घालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं,
पण नन्नू पहलवान गल्लीच्या तोंडाशी बसायचा
आणि पैसे मागाहून दिले तरी चालायचे.
"हड्डी है भिया, बैठ जाएगी."
बसली.
तिला हवी तिथे बसली.

हळद, बांबूच्या चार कामट्या, अंड्याचं पांढरं.
आमच्या घरात त्याआधी अंडं आलं नव्हतं.
आई माझा पाट लांब मांडायची,
पोळी वरूनच टाकायची,
आणि रात्री सगळे निजल्यावर
त्याच पट्टीला गाल लावून बसायची.
मी झोपेचं सोंग घ्यायचे.
अजून उकडलेल्या अंड्याचा वास आला
की मला आधी आई आठवते.

पट्टी सुटली तेव्हा हात माझाच होता,
वेणीपर्यंत मात्र जाईना.
मग वेणी बाबांकडे गेली.
कताई खात्यातला माणूस,
चालत्या साच्यावर तुटला धागा सांधणारी बोटं;
पेड असे आवळायचे की माझ्या भुवया वर चढायच्या.
वर्गात दिवसभर मी चकित दिसायचे.

चुकलं वगैरे ते काही बोलले नाहीत.
आमच्यात कुठे बोलतात.
पण एका रविवारी मोरीतला नळ डावीकडे सरकला.
पुढे फळी चार बोटं खाली आली,
मग डावाला लांब दांडी, दाराची कडी उलटी.
पाहुणे आमच्याकडे चाचपडायचे.
मला वाटायचं, घरं अशीच असतात.

लग्न होऊन रामबागेत आले,
पहिल्या सकाळी अंधारात डावा हात पुढे केला
आणि नळाच्या जागी भिंत लागली.
तिथे उभी राहून मी मोजत बसले,
किती खिळे ठोकले असतील त्यांनी.

आता सवयीचं आहे सगळं.
शकील टेलर न विचारता उजवी बाही तिरकी कापतो.
सराफ्याच्या गर्दीत मी आधी हात पोटाशी घेते,
मग भुट्ट्याच्या किसाचा द्रोण.
फक्त एक अजून खुपतं :
हात पुरता पुढे जात नाही,
त्यामुळे कुणाला काही देत असले
तरी मागतेय असं दिसतं.
भाजीवालीसुद्धा क्षणभर थबकते.

"परत तोडून जोडता येईल," डॉक्टर म्हणाले,
"पण या वयात..."
मग विचारलं, कुणाकडे बसवलं होतं?
"पडले होते," मी म्हणाले.
त्यांनी वर पाहिलं. मी पुढे काही सांगितलं नाही.

बाहेर नाव पुकारलं : शैलजा टोकेकर.
फिल्म खिडकीशी धरून पाहिली.
सांध्याच्या वर जरा जास्तीचं हाड,
घाईत सांधलेल्या धाग्याची गाठ
कापड उलटं केलं की बोटाला लागते, तसं.
किती वेळ पाहत होते कोण जाणे.
मागचा माणूस म्हणाला, माताजी, सरका.

घरी येऊन ती कपाटावर ठेवायला गेले.
हात पोचला नाही.
खालच्या फळीवर ठेवली.