सहा आणि सहा

ऑक्टोबरात कॅम्परची वाटणी झाली.
कॅम्पर राहिला माझ्याच अंगणात, ताडपत्रीखाली.
झोन्याने गाद्या घरात आणल्या,
मी नळांतलं पाणी काढून टाकलं,
आणि ओरेस्टने पाना घेऊन
आधी ऋण टोकाची तार सोडवली, मग धन,
वडिलांनी शिकवलं होतं तसं.
दोन बॅटऱ्या, सहा-सहा व्होल्टच्या.
त्यातली एक त्याने उचलून गाडीत ठेवली.
"माझा हिस्सा," म्हणाला.
कॅनोरा इथून पन्नास किलोमीटर.
काच खाली करून हातही हलवला नाही.

भांडण दिव्यावरून.
ऑगस्टात, तळ्याकाठी, कोणीतरी बाहेरचा दिवा
रात्रभर जळत ठेवला.
पहाटे पंप गप्प, पंखा गप्प,
दुपारपर्यंत फ्रीजमधल्या माशांनी सगळ्यांना सांगितलं.
तू. नाही, तू.
साठी उलटलेले दोन भाऊ.

माझी बॅटरी तळघरात ठेवली, बिटाच्या बरण्यांशेजारी,
फळीवर. सिमेंटवर ठेवली तर करंट जमिनीत झिरपतो,
असं वडील म्हणायचे.
खरं नाही ते. तरी फळीवर.
टोकांवरची हिरवट बुरशी
सोड्याच्या पाण्याने घासली, जुन्या टूथब्रशने,
मग चार्जर काढला,
आणि तसाच हातात धरून बसलो.

चार्जर बारा व्होल्टचा.
एकटीला लावला तर ती उकळेल.
सहा आणि सहा लागतात,
एकीचं धन दुसरीच्या ऋणाला बांधलेलं,
तेव्हा कुठे तो त्यांना ओळख देतो.
यॉर्कटनला नवा मिळाला असता, सत्तर डॉलरला.
घेतला नाही.
त्यानेही घेतला नसणार.
आमच्या घराण्यात सत्तर डॉलर सहज सुटत नाहीत.

जानेवारीत रेडिओ म्हणाला,
आज रात्री उणे एकोणचाळीस.
भरलेली बॅटरी असल्या थंडीला भीक घालत नाही.
उतरलेलीच्या पोटात मात्र आम्ल पातळ होत होत
नुसतं पाणी उरतं,
ते गोठतं, फुगतं, आणि पोट फाडून बाहेर येतं.
त्याची शेडमध्ये असणार. शेडला हीटर नाही.
मी फोन लावला.
तीन महिन्यांनंतरचा माझा पहिला शब्द:
"मोजलीस?"
पलीकडे बराच वेळ श्वास.
"कशाने मोजू? काचेची नळी तुझ्याकडे."

दीड तासाने अंगणात हेडलाइट.
शेजारच्या सीटवर बॅटरी,
आईच्या रजईत गुंडाळलेली,
वरून सीटबेल्ट.
मी काही बोललो नाही.
झोन्याने आणखी पेरोगी तव्यात टाकल्या, बस्स.

नळीतला काटा तरंगला:
माझी बाराशे वीस, त्याची अकराशे ऐंशी.
दोघी उपाशी. त्याची जरा जास्त.
आखूड तार मी धरली, नट त्याने कसला,
माझी बोटं हल्ली ऐकत नाहीत.
पिवळा दिवा लागला.
उलट्या बादल्यांवर आम्ही बसून राहिलो,
लहानपणी विणाऱ्या गाईपाशी बसायचो तसे,
करण्यासारखं काही नसताना.
"रस्ता बंद झाला असेल," तो म्हणाला.
"झाला असेल," मी म्हणालो.
बाहेर एक झुळूकही नव्हती.
तो कॅम्परच्याच गादीवर झोपला.

सकाळी हिरवा दिवा.
कॉफी घेतली, बूट चढवले,
"माझी इथेच राहू दे.
मार्चमध्ये येतो, पाणी बघायला."
गेला.

मग बिटाची बरणी आणायला मी खाली उतरलो
तर तळघराचा बल्ब
जळतोय. रात्रभर जळतोय.
आणि काल सगळ्यात शेवटी वर आलो होतो
मी.
फळीवर दोघी, एका तारेत, शांत.
बल्बची दोरी ओढली. फोन उचलला.
ठेवला.
कॅनोराला पोचू दे आधी.