प्रतिसादक क्रमांक सात

पिंचबेक बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या,
जे रोजचं आहे ते अनोळखी करून बघा.
आम्ही अकरा जण. खिडकीबाहेर लिंकनशरची सपाट शेतं,
कोबी, कोबी, कोबी,
आणि धुक्यात चर्चचा तो मनोरा
ज्याला बोस्टन गावात सगळे नुसतं खुंट म्हणतात.
मी वहीत लिहिलं : अनोळखी.
मला ते जड नव्हतं.
नऊ वर्षांची इथे आले
तेव्हा पावसुद्धा अनोळखी होता,
पांढरा, कापसासारखा, दाबला की दबलेलाच राहणारा.

समाजशास्त्र सोपं म्हणून घेतलंय, हॅरिसन उघड म्हणायचा.
मी का घेतलं ते कुणी विचारलं नाही.
पुस्तकात 'स्थलांतर' हे प्रकरण नववं होतं.
मी ते आधी वाचून टाकलं, उभ्या उभ्या,
जसं दुसऱ्याच्या नावाचं पत्र वाचतात.

दुसऱ्या वर्षी प्रश्नावली.
घरकामाची वाटणी.
किमान दहा जणांना विचारा, नावं लिहू नका,
संमती घ्या, कुणाला दुखवू नका.
हॅरिसनने हात वर केला :
आमच्याकडे कामाला बाई येते, तिला घरात धरायचं का?
बाई थोडा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे.
आम्ही सगळ्यांनी लिहून घेतलं,
चांगला प्रश्न आहे.

सहा जण मिळाले. सातवी आई.
रात्रपाळीहून साडेसहाला आली,
फेब्रुवारी होता, म्हणजे डॅफोडिलच्या जुड्या,
बोटांच्या बेचक्यात चिकाचं लाल पुरळ,
मनगटावर हातमोज्याच्या इलॅस्टिकचा वळ.
मी फॉर्म पुढे केला.
'संमती'ला आमच्या भाषेत काय म्हणतात आठवेना,
म्हटलं, चालेल ना?
चालेल, म्हणाली, पण बूट काढू दे.

स्वयंपाक?
मी.
कपडे?
मी, रविवारी.
बिलं, पत्रं, डॉक्टरची वेळ, घरमालकाशी भांडण?
ती माझ्याकडे बघत राहिली.
तू, म्हणाली. तूच ना.
दहा वर्षांची होतीस तेव्हापासून.

माझ्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या :
पुरुष. स्त्री. दोघं समान.
मीच आखलेल्या, पट्टी लावून.
मी पेन समासात नेलं
आणि तिथे एक वाकडी खूण केली.

विश्रांतीचे तास, शेवटचा प्रश्न.
बसमधले धरायचे का? तिने विचारलं,
आणि मी उत्तर द्यायच्या आत
खुर्चीतच झोपली, एका पायात बूट.

निबंधात मी ते वाक्य तसंच घातलं.
बाईंनी खाली हिरव्या शाईने लिहिलं :
छान! पण आधार? कोणत्या अभ्यासकाचा?
मी पुढे कंस केला, त्यात
प्रतिसादक ७.

जूनमध्ये पेपर. हॉलमध्ये माझा बाक खिडकीपासून लांब.
कुटुंबावरच आला प्रश्न, वीस गुणांना.
मी आडनावं लिहिली, साली लिहिल्या,
एकीकडे असं, दुसरीकडे तसं, शेवटी निष्कर्ष.
हात दुखला. पुरवणी मागितली.
तिचं वाक्य घातलं नाही.
वेळ होता.

घरी आले तर टेबलावर कौन्सिलचं पत्र, न फोडलेलं,
शेजारी पेन, टोपण काढून ठेवलेलं.
आज मी होते का पेपरात? आईने विचारलं.
नाही, म्हटलं.
नाव नाही ना लिहिलंस?
नाही गं.
तिने वेस्ट स्ट्रीटच्या दुकानातला काळा पाव कापला,
कडेचा तुकडा माझ्याकडे सरकवला.
लिहिलं असतंस तरी चाललं असतं, म्हणाली.
मी पत्र फोडलं.
पहिल्याच ओळीत त्यांनी ते चुकवलं होतं.