खिडकी, उणे एकतीस

सव्वादोनला उशीखाली फोन थरथरला
आणि डोळे उघडण्याआधीच कळलं, झेर्द असणार.
झेर्द म्हणजे तांबूस घोडा.
दाशझेवेगनं सगळ्या सर्व्हरना घोड्यांचे रंग वाटले होते:
झेर्द, बोर, सारल.
तो निवृत्त होऊन गावाकडे खऱ्या घोड्यांत गेला,
नावं मात्र माझ्या गळ्यात पडली,
आणि झेर्दची खोडही:
आधी तापतो, मग सांगतो.

रात्र एकोणिसाची. उद्या पेन्शन.
टॅक्सीवाल्यानं विचारलं, एवढ्या रात्री? डॉक्टर आहेस?
म्हटलं, तसंच काहीसं.

उलानबातर उणे एकतीस.
सर्व्हरची खोली, अधिक त्रेचाळीस.
एसीचा बाहेरचा पंखा बर्फानं धरून ठेवलेला,
थंडीनंच थंडी अडवलेली.
पहारेकरी लुवसानदोर्ज कपाळाला हात लावून हसला:
गारवा कमी पडला? आपल्याला?
मीही हसले असते,
पण सारलनं तेवढ्यात मान टाकली.

खिडकी ऑक्टोबरातच मिटवलेली,
कडेनं कागदी पट्ट्या, पिठाची खळ.
नखांनी, मग किल्लीनं, मग त्याच्या चाकूनं
आम्ही हिवाळा सोलून काढला.

थंडी एकटी येत नाही इथे.
तिच्या पाठोपाठ धूर आला,
उत्तरेच्या टेकडीवरचा, हजार चुलींचा,
आणि बोरच्या जाळीवर
पाच मिनिटांत काजळाचं बोट फिरलं.
आता निवड सोपी होती:
उष्णतेनं मरायचं की काजळीनं.

हा वास मला पाठ आहे.
त्या टेकडीवर, निळ्या दाराच्या तंबूत
माझी आई बरोबर तीनला उठते,
चुलीत कोळशाची वीट सरकवते,
पुन्हा झोपते.
तिचंही नाव आज रात्रीच्या यादीत आहे,
कितव्या ओळीत, ते मी कधी शोधलं नाही.
शोधायची परवानगी आहे. म्हणूनच.

लुवसानदोर्ज काही न बोलता खाली गेला
आणि आपल्या चौकीच्या दाराचा नमदा घेऊन आला,
मेंढीच्या लोकरीचा, कडा झिजलेल्या.
ओठांत खिळे धरून म्हणाला,
याच्यातून वारा येतो, लांडगा येत नाही.
ठोकला.

मग आम्ही दोघं आकड्यासमोर बसलो,
उतू आलेलं दूध
खाली बसताना बघावं तसे.
त्रेचाळीस. बेचाळीस. बराच वेळ बेचाळीस.
त्यानं मिठाचा चहा ओतला.
अडतीस.
माझी बोटं कीबोर्डवर आखडलेली,
एक आज्ञा तीनदा चुकले.
चौतीसला सारल उठला,
न विचारता, नेहमीसारखा.

पाच चाळीसला शेवटचं खातं जमा.
कुणाला काही कळलं नाही, म्हणजे काम झालं.
साडेआठला लेखा विभागातून त्सेंदसुरेनचा निरोप:
तुमच्या खोलीतून धुराचा वास येतोय, चौकशी व्हावी.
शिवाय तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर.

नऊला आईचा फोन.
पैसे आले, म्हणाली, दोन पोती कोळसा घेतला,
भाव वाढलाय बघ.
बघते, म्हटलं.

वहीत लिहिलं:
खिडकी, दोन पन्नास ते पाच चाळीस.
पंखा, दुरुस्तीवाल्याला कळवले.
जाळ्या बदलणे.
आणि खाली, रेघ मारून:
नमदा आजच परत करणे,
चौकीचं दार उघडं पडलंय.