फेरीबोटीला तिकीट नसतं

दिवाडीच्या फेरीबोटीला पायी जाणाऱ्यांना तिकीट नसतं.
अकरा रविवार मी असा फुकट पलीकडे गेलो
आणि पिंपळाच्या कट्ट्यावर बसून
शालनताईंच्या घराकडे पाहत राहिलो.
घराकडे पाहायला कुणाची परवानगी लागते का,
असं मीच विचारायचो, उत्तरही मीच द्यायचो.
सोयीचं होतं ते.

म्हापशात चष्म्याच्या दुकानात काचा घासतो मी.
कुणाला जवळचं दिसत नाही, कुणाला लांबचं.
माझा नंबर तेव्हा काय होता कोण जाणे.

बांबोळीला आई गेली त्या रात्री
वॉचमनच्या रेडिओवर त्यांचं पद लागलेलं.
त्यांनी ते चाळीस वर्षांपूर्वी कधीतरी गायलेलं,
मी मात्र धरून चाललो की माझ्यासाठीच.
आवाजाला पत्ता नसतो.
तो मी शोधून काढला.

मग कळत गेलं एकेक.
साडेदहाला दार उघडतात.
पोदेराकडून दोन उंडे, कधी एखादं कांकण.
दोरीवर चार साड्या, त्यांतली निळी विरलेली.
फाटकात खोचलेल्या वीजबिलावर नाव अजून वडिलांचं
(काढून वाचलं, तसंच परत खोचलं).
कट्ट्याकडच्या खिडकीला आतून जुना पेपर डकवलेला;
उन्हासाठी असेल, म्हटलं.
तुळशीपाशी एक केसांची पिन सापडली.
ती मी चष्म्याच्या डबीत ठेवली,
आत मखमल असते.

बाराव्या रविवारी फाटक सताड उघडं,
आणि दारातून हाक:
‘गॅसवालो मरे तूं? काल हांगाच दवरून गेला तो. भितर हाड.’

पायरीशी लाल सिलिंडर.
मी म्हटलं, ‘हय.’
एवढंच. एका अक्षराचं खोटं आणि एक ‘य’.

खांद्यावर घेतला. जड होता, ते बरं वाटलं;
देवळात नारळ नेतो तसं रिकाम्या हातानं
आत जात नव्हतो मी.
पेटीवर टेबलक्लॉथ, त्यावर कांद्यांची परडी.
भिंतीवर फोटो नाही, शाल नाही, पदक नाही.
पावलं सुजलेली, म्हणून घरातही मोठ्या मापाच्या,
बहुधा पुरुषाच्या, सपाता.
आवाज खरखरीत, मांजराला हाकलताना तर फुटलेलाच.
मला वाटलेलं, मी त्या आवाजापुढे रडेन.
रेग्युलेटर बसवताना माझाच हात थरथरत होता.

खिडकीच्या पेपरला
साधारण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर
बोटाएवढं भोक.
स्वयंपाकघर उत्तरेला. ऊन तिथे येतच नाही.

आणि कॅलेंडर.
रविवारांभोवती पेन्सिलीचे गोल.
मोजायची गरज नव्हती, तरी मोजले.
गेले तीन महिने एक बाई
माझी वेळ पाळत होती.

त्यांनी दहाची नोट दिली. मी नको म्हणालो.
‘घे,’ म्हणाल्या, ‘उजवाडला आतां.’
दारापर्यंत आल्या, कडीवर हात ठेवून,
रागानं नव्हे, हिशेब सांगावा तसं:
‘गॅसवालो आयतारा येना, पुता.’

परतीच्या बोटीत मी बेटाकडे पाठ करून उभा राहिलो.
एक स्कूटरवाला, दोन म्हशी, खारं पाणी.
कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.
किती मोठी गोष्ट असते ही,
कुणी आपल्याकडे बघत नसणं.

दुकानात आता त्यांचं गाणं लागलं
तर मी रेडिओ बंद करत नाही, मोठाही करत नाही.
काच घासत राहतो.

नोट गल्ल्यात घातली.
पिन अजून डबीत आहे.
परत द्यायला हवी, आणि चार शब्दही बोलायला हवेत,
पण माफी मागायला जायचं म्हटलं
तरी त्याच फेरीबोटीनं
त्याच कट्ट्यावरून जावं लागेल.