शेरा

दर मार्चला वैक्को साहेब येतात
बॅलार्ड पियरच्या गोदामात, अडकून पडलेल्या बंदुकीचं भाडं भरायला.
पहिल्या वर्षी विचारलं होतं,
शिकारीचा परवाना कुठल्या खिडकीवर?
म्हटलं, खिडकी बहात्तर सालीच बंद झाली.
ससासुद्धा नाही?
ससासुद्धा नाही.
हसले. उत्तनची सासुरवाडी, पेन्शन पुरतं,
रात्री रॅकेटने डास मारतो म्हणाले.

आता नुसतं नळीला तेल लावतात,
दस्ता खांद्याला टेकवून
एक डोळा मिटतात.
खिडकीबाहेर क्रेन, क्रेनवर घार.
मी रजिस्टर धरून उभा,
का कोण जाणे, श्वास रोखतो.

मग सही.
शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या भाषेतला एकच शब्द,
दर वर्षी तोच.
अर्थ मी विचारत नाही.
शिक्का मारतो,
आवाज होऊ न देता.